दीडची बाई

“जरा आवाज कमी करता का?” मी म्हणाले.

गयाबाईंनी मान हलवली. त्यांच्या सुनेचे दोन्ही हात तंबाखूनं माखलेले होते, म्हणून तिनं मनगटानं बटण घासत घासत रेडिओ बारीक केला. ओट्यावर शेजारपाजारची चार माणसं बसली होती. मी कडेला टेकले, फायलीतून कोरा फॉर्म काढला आणि शाळेतल्या तपासनिसाच्या थाटात विचारलं, “आपण रेडिओ ऐकता काय?”

“न्हाई ताई,” गयाबाई म्हणाल्या. “आमाला कुठला येळ रेडू ऐकाया?”

मी ‘नाही’च्या चौकोनात फुली मारली.

रेडिओ त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर चालू होता. मीच तो बारीक करायला लावला होता. आणि तरीही मी ‘नाही’वर फुली मारली. माणसाच्या तोंडून आलेलं उत्तर जसंच्या तसं नोंदवायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही, असं आम्हाला बजावलेलं होतं. त्या दिवशी ते कारण मला अगदी पुरेसं वाटलं.

गोष्ट एक्क्याण्णव सालची, दिवाळीनंतरची. आमच्या जिल्ह्याच्या गावी रेडिओ केंद्र होतं. लोकांना ते कितपत उपयोगी पडतं, त्यांना काय आवडतं, काय नकोसं झालंय, हे घरोघर जाऊन विचारायचं काम निघालं होतं. त्यासाठी आम्हा सहाजणांना तात्पुरतं घेतलं होतं. माझ्या वाट्याला माळेवाडी आली. गावाच्या टोकाची विडी कामगारांची वस्ती, चौऱ्याहत्तर घरं. दिवसभर दारादारात बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. फॉर्म चार पानांचा होता. दुसरा प्रश्न ‘आपण रेडिओ ऐकता काय?’ आणि त्याच्या खाली कंसात बारीक अक्षरात सूचना : ‘नाही असल्यास थेट प्रश्न चौदावर जावे.’ चौदाव्या प्रश्नात वय, शिक्षण आणि खाली सही किंवा अंगठा. म्हणजे ‘नाही’ म्हणणाऱ्या घरात पाच मिनिटांत काम आटपायचं. मधले अकरा प्रश्न आपोआप गळायचे.

चौऱ्याहत्तरपैकी एकसष्ट घरांनी मला ‘नाही’ सांगितलं. मी एकसष्ट वेळा चौदावर उडी मारली.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं उगाच साळसूद वाटेल. मला ते ‘नाही’ हवं होतं.

केंद्रावर दुपारी दीड ते अडीच बायकांचा कार्यक्रम लागायचा. त्याचं कागदोपत्री नाव ‘सौदामिनी’. इंदुमती खरोटे तो नऊ वर्षं करत होत्या. बावन्न वर्षांच्या, ठेंगण्या, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आवाज मात्र ताकासारखा थंड. त्यासुद्धा माझ्यासारख्याच कंत्राटावर. फक्त त्यांचं कंत्राट दर वर्षी न चुकता पुढे सरकत आलं होतं. आमचे कार्यक्रम अधिकारी नेवासकर साहेब भला माणूस, पण त्यांना केंद्र तरुण करायचं होतं. दीडच्या वेळेला कॉलेजच्या मुलांसाठी ‘स्पंदन’ नावाचा कार्यक्रम आणायचं त्यांच्या मनात होतं. निवेदिकेच्या ऑडिशनमध्ये मी पहिली आले होते. साहेब म्हणाले होते, “टाकसाळे, या पाहणीत ‘सौदामिनी’ला श्रोता नाही असं दिसलं, तर जानेवारीपासून ती वेळ मोकळी होते. मग तुमचा विचार पहिला.”

घरी माझा थोरला भाऊ अकोल्याचं एक स्थळ घेऊन बसला होता. “मार्चपर्यंत तुझ्या रेडिओचं काय ते बघ,” त्यानं सांगून टाकलं होतं. “नंतर मी कुणाला थोपवून धरणार नाही.”

मला रेडिओवर बोलायचं होतं. बस, एवढंच हवं होतं मला त्या वयात. आरशासमोर उभी राहून मी ‘नमस्कार श्रोतेहो’ म्हणायची, कंगवा तोंडापुढे धरून. त्यामुळे गयाबाई ‘न्हाई’ म्हणाल्या तेव्हा रेडिओतून बारीक आवाजात बोलणाऱ्या बाई इंदुताईच आहेत हे मला ठाऊक होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढच्या बुधवारी मला पुन्हा माळेवाडीत जावं लागलं. कार्यालयातल्या बाबूनं सात फॉर्म परत पाठवले होते, चौदाव्या प्रश्नाखाली अंगठा नाही म्हणून. त्यात गयाबाईंचा होता.

मी पोचले तेव्हा सव्वा वाजून गेला होता. ओट्यावर तिघीजणी होत्या. मधे गयाबाई सानप, साठीच्या, कपाळावर रुपयाएवढं गोंदण. त्यांच्या डाव्या हाताला सून लता. उजवीकडे शेजारची चांगुणा, तीस-बत्तीसची, तोंडाची फटकळ.

“अंगठा ना? देते की,” गयाबाई म्हणाल्या. “पर ह्यो तंबाखूचा घाण हात लावू का तुमच्या कागदाला? बसा जरा. एवढी पानं सपू द्या.”

मी बसले. लतानं चहा ठेवायचं विचारलं, मी नको म्हटलं. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून चांगुणा कात्रीनं कडेकडेनं पानं कापत होती. कापलेलं पान गयाबाई बोटांवर घ्यायच्या, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, नखानं तोंड दुमडून दोऱ्याचा फेरा. बघेपर्यंत विडी सुपात पडलेली असायची. डोळे मात्र हातांकडे नसायचेच.

दीड वाजला. चांगुणानं न बोलता पायाच्या अंगठ्यानं भिंतीवरचं बटण दाबलं आणि रेडिओ सुरू झाला. सुरुवातीची धून वाजली आणि इंदुताई म्हणाल्या, “नमस्कार मैत्रिणींनो.”

तिघींचे हात एकदम थांबले.

“आज शिळी लावलीय,” चांगुणा म्हणाली.

“शिळीच हाय,” लता म्हणाली.

मला कळेना. “शिळी म्हणजे?”

“आजची न्हाई ही बाई. जुनी हाय, डब्यातली.” गयाबाईंचे हात पुन्हा सुरू झाले, पण कपाळावर आठी पडली होती. “सोमवारपासनं बाईचा घसा बसलाय. काल तर चार येळा खोकली. आन आज एकदम ठणठणीत? एका रातीत?”

“मागल्या सरावणातली हाय ही,” चांगुणा म्हणाली. “थांब, आता भगरीचं सांगंल. भगर धुताना पाणी किती बदलायचं ते.”

रेडिओतून इंदुताई म्हणाल्या, “तर मैत्रिणींनो, श्रावण म्हणजे उपास आले, आणि उपास म्हटला की भगर आली...”

लता खुदकन हसली. मला हसू आलं नाही.

“मंजी बाई आज आलीच न्हाई,” गयाबाई म्हणाल्या. “आजारी पडली गं ती. म्या काल म्हनलंच व्हतं, बाईनं घरी ऱ्हावं. उगं ताणत बसली. तिला कोन हाय का न्हाई करनारं?”

“मालक हायेत की,” चांगुणा म्हणाली. “पर त्येंचा काय उपेग. मास्तर हायेत ते.”

“मास्तर आहेत, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तिनंच. दोन वर्सं झाली असत्याल. मालकांनी भाजीत मिठाऐवजी खडीसाखर घातली म्हनून सांगत व्हती, तवा.”

मी फॉर्म उलटा करून मांडीवर ठेवला. “गयाबाई,” मी म्हणाले, “तुम्ही मला गेल्या शुक्रवारी सांगितलंत, रेडिओ ऐकत नाही म्हणून.”

“न्हाईच ऐकत.”

“मग हे काय चाललंय?”

गयाबाईंनी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिकलेली पोर आणि एवढंही कळू नये, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“ह्ये व्हय? ह्ये लावलंय.”

“लावलंय म्हणजे ऐकणंच की!”

“आगं, ऐकनं मंजी बसून ऐकनं. माझा सासरा ऐकायचा. खुर्चीत बसायचा, पाय वर घ्यायचा आन बातम्या ऐकायचा. मधी कुनी भांडं वाजवलं तरी खेकसायचा. त्येला म्हनत्यात ऐकनं. आमी बायामान्सं हातातलं काम टाकून ऐकत बसलो तर घरात चूल पेटंल का? आमी लावतो निस्ता. दीडला बाई लागती, अडीचला बंद करतो.”

“रोज?”

“मंग? एक दिस बाई लागंल, एक दिस न्हाई, असं असतंय का?”

“आन तुमी इचारलं तवा चांगली चार मान्सं बसली व्हती,” चांगुणानं ठेवणीतलं काढलं. “बाईमानूस रेडू ऐकती, असं कोन कबूल व्हईल? म्हनत्याल, बसून खाती का काय.”

एकसष्ट घरं. एकसष्ट घरांच्या ओट्यांवर मी ‘ऐकता काय’ विचारलं होतं आणि एकसष्ट बायकांनी मला आपण कामचुकार नाही एवढंच सांगितलं होतं. मी मात्र ते रेडिओविषयीचं मत म्हणून लिहून घेतलं.

हात धुऊन गयाबाईंनी अंगठा दिला. ‘नाही’ लिहिलेल्या फॉर्मावर. शाई वाळेपर्यंत मी कागदाकडे बघत राहिले. तेवढ्यात त्या न्हाणीमागे गेल्या आणि अडुळशाची पाच-सहा पानं तोडून घेऊन आल्या. विडीच्या दोन मोठ्या पानांत ती गुंडाळली, वरून दोरा बांधला. विडी बांधावी तितकाच नीटस.

“तुमी त्या हापिसातल्या ना? बाईला द्या. म्हनावं, पानं कुटून रस काढायचा, मध घालायचा, सकाळ-संध्याकाळ चमचाभर. आन म्हनावं, घसा बसला असला की मधीच गप ऱ्हाऊन खोकायचं न्हाई. त्यानं छातीवर येतं. खोकायचं तर उघड खोकावं.”

इंदुताईंचं घर मी त्याच दिवशी गाठलं. शिक्षक कॉलनीत दोन खोल्या. त्या शाल पांघरून कॉटवर बसल्या होत्या. मास्तर स्वयंपाकघरात काहीतरी सांडत होते.

“ये हेमा,” त्या म्हणाल्या. आवाज खरंच फाटला होता. “डॉक्टरांनी चार दिवस बोलायला बंदी केलीय. म्हणजे मी मेलेलीच समज.”

मी पुडी त्यांच्या हातात दिली आणि माळेवाडीच्या गयाबाईंचा निरोप शब्दन्‌शब्द सांगितला. त्या दोरा सोडता सोडता थांबल्या.

“खोकते म्हणून कुणी सांगितलं त्यांना?”

“त्यांनी ऐकलं. काल चार वेळा खोकलात म्हणाल्या.”

“शक्यच नाही.” त्यांनी चष्मा काढला. “हेमा, मी नऊ वर्षांत एकदाही माईकवर खोकलेले नाही. खोकला येतोय असं वाटलं की मी आधी फेडरची दांडी खाली ओढून माईकचा आवाज बंद करते, तोंड बाजूला करून खोकते, मग फेडर वर. बाहेर काहीच जात नाही. दोन सेकंद शांतता जाते, बस.”

मला गयाबाईंचा निरोप पुन्हा आठवला.

“म्हणूनच म्हणाल्या असतील,” मी म्हणाले, “मधेच गप्प राहून खोकू नका म्हणून.”

इंदुताईंनी पुडी मांडीवर ठेवली. काल किती वेळा फेडर ओढला ते त्या आठवत असाव्यात, कारण त्यांची बोटं हळूहळू हलली. एक, दोन, तीन. चौथ्या बोटाशी त्या थांबल्या आणि रडायला लागल्या. आवाज न करता. बोलायला बंदी होती ना. मास्तर दारात आले, त्यांनी पाहिलं आणि परत आत गेले.

“मला पत्रं किती येतात ठाऊक आहे तुला?” डोळे पुसून त्या म्हणाल्या. “महिन्याला चार. त्यातली दोन एका निवृत्त हेडमास्तरांची असतात. माझं व्याकरण सुधारतात ते. माळेवाडीतून नऊ वर्षांत एक ओळ नाही. मला वाटायचं, आपण भिंतीशी बोलतोय. तरी बोलायचं. नेवासकर साहेबांनी मला सांगितलंय, जानेवारीत वेळ बदलणार म्हणून. तुझं नाव आहे ना त्या जागी?”

मी खाली बघत मान हलवली.

“असू दे गं, मला वाईट नाही वाटलं. तुझा आवाज छान आहे. फक्त श्वास चुकतो. बरी झाले की फेडर कसा धरायचा ते शिकवीन तुला.”

त्यांनी ते इतक्या साधेपणानं म्हटलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. एकसष्ट फुल्यांविषयी मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्यांनी मला माफ केलं असतं आणि मग मी काहीच केलं नसतं. मला माझा स्वभाव माहीत होता.

घरी आले. जेवले नाही. आईला वाटलं, उन्हातून फिरून पित्त झालं. मी स्वतःशी सगळ्या तडजोडी करून पाहिल्या. प्रश्न मी छापला नव्हता. उत्तर मी दिलं नव्हतं. अंगठा त्यांचा होता. कुठल्याही बाजूनं बघितलं तरी माझ्यावर काही येत नव्हतं. शिवाय मी काही वाईट कार्यक्रम करणार नव्हते. मीही चांगलंच बोलले असते. पण मी आरशासमोर उभी राहिले आणि ‘नमस्कार’ म्हणायला तोंड उघडलं, तर मला पहिल्यांदा असं वाटलं की कुणाच्या तरी ओट्यावर तिघीजणी हात थांबवून म्हणतायत, “ही कोन?”

शुक्रवारी सगळे फॉर्म साहेबांकडे द्यायचे होते. गुरुवारी सकाळी मी बाबूकडून कोरे फॉर्म मागून घेतले, फाटले म्हणून थाप मारली, आणि माळेवाडीत शिरले. पहिल्या घरापासून सुरू केलं. ‘ऐकता काय’ विचारलंच नाही. विचारलं, “दीडची बाई लावता का?”

“लावतो की.”

“लावतो. का वो, बंद करनार का काय?”

“आमच्यात न्हाई, पर भिंतीपल्याड लागती, तेवढ्यावर भागतं आमचं.”

एका घरात मूल पाळण्यात होतं. त्याची आई म्हणाली, बाई लागली की पोरगं झोपतं, बाई गेली की उठतं. केंद्राला सांगा, कार्यक्रम अर्धा तास वाढवा. एका आजीनं तक्रार केली की बाईंनी लोणच्यात मेथीचं माप चुकीचं सांगितलं होतं आणि त्यांची पूर्ण बरणी कडू झाली. चार वर्षं झाली, पण बाईंनी चूक कबूल केलेली नाही. एकीनं हळूच विचारलं, बाईंना सासू होती का, कारण सासवांवर त्या कधीच काही बोलत नाहीत. मधले अकरा प्रश्न तुडुंब भरले. समासात जागा उरली नाही, तेव्हा मी पाठीमागे लिहिलं. गुरुवार पुरला नाही. शुक्रवारी साहेबांकडून सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली आणि शनिवार-रविवारही त्यातच गेले. एकसष्टपैकी सत्तावन्न घरांत रोज दीडला रेडिओ लागत होता. उरलेल्या चार घरांत संचच नव्हता.

सोमवारी मी दोन्ही गठ्ठे नेवासकर साहेबांच्या टेबलावर ठेवले. जुने आणि नवे.

त्यांनी सावकाश चाळले. “टाकसाळे, प्रश्न वरून छापून आलेला आहे. तो बदलायचा अधिकार तुम्हाला नाही.”

“प्रश्न तोच विचारला, सर. शब्द त्यांचा वापरला.”

“‘ऐकता’ आणि ‘लावता’ यात एवढा फरक?”

“सत्तावन्न घरांचा, सर.”

ते खुर्चीत मागे रेलले. “पहिल्या फेरीत तुमच्या लक्षात आलं नाही?”

इथे खोटं बोलणं सोपं होतं. “आलं होतं,” मी म्हणाले. “बऱ्याच घरांत रेडिओ चालू होता, सर. मी तो बारीक करायला लावून उत्तर लिहून घेतलं. मला ‘नाही’ हवं होतं.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग जुना गठ्ठा उचलून खणात टाकला.

“हे आत्ता जे बोललात, ते कुठे लिहू नका,” ते म्हणाले. “आणि याचा अर्थ काय होतो, तो कळतोय ना तुम्हाला? ‘सौदामिनी’ राहणार. दीडची वेळ राहणार. ‘स्पंदन’ला माझ्याकडे दुसरी वेळ नाही.”

“कळतोय.”

“मग रडू नका.”

मी रडत होते हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं.

जानेवारीत इंदुताईंचं कंत्राट पुढे सरकलं. फेब्रुवारीत अकोल्याची मंडळी बघायला आली, मार्चमध्ये साखरपुडा झाला. मुलगा चांगला होता. अजूनही चांगलाच आहे, आतल्या खोलीत पेपर वाचतोय. पण त्या दोन महिन्यांत दुपारी दीड वाजता मी घरातला रेडिओ बंद करून टाकायची, हे का लपवू? इंदुताईंचा राग नव्हता. आवाज सहन व्हायचा नाही.

इंदुताईंना ते सगळं कुणी सांगितलं, मला माहीत नाही. साहेबांनीच सांगितलं असावं. लग्नाला पंधरा दिवस उरले असताना त्यांचा निरोप आला : उद्या सव्वा वाजता स्टुडिओत ये, चांगलं पातळ नेसून ये. मी म्हटलं, रेडिओवर पातळ कोण बघतंय? तरी नेसून गेले. त्यांनी मला शेजारच्या खुर्चीत बसवलं. मी तासभर त्यांना बोलताना पाहिलं. समोर काच, काचेपलीकडे टेपचं यंत्र सांभाळणारा माणूस, आणि बाई मात्र अशा बोलत होत्या की समोर कुणीतरी मांडीवर सूप घेऊन बसलंय. अडीचला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी फेडर खाली ओढला, माईक माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, “शेवट तू कर. दम धर. आता.” आणि फेडर वर गेला.

मी म्हणाले, “मैत्रिणींनो, आजचा कार्यक्रम इथेच संपला, उद्या दुपारी दीड वाजता पुन्हा भेटू, तोपर्यंत नमस्कार.”

एवढंच. एका श्वासात. आरशासमोर हजार वेळा म्हटलेलं वाक्य, आणि माझ्या तोंडून ते गाडी सुटत असल्यासारखं पळालं. इंदुताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. काचेपलीकडच्या माणसानं धून लावली.

दोन दिवसांनी मी लग्नाची पत्रिका घेऊन माळेवाडीत गेले. गयाबाईंच्या ओट्यावर त्याच तिघी, तीच सुपं. पत्रिका देऊन मी बसले, तर गयाबाई तोंडभर हसल्या, हळद-कुंकू लावलं, सुपारी हातावर ठेवली. मग म्हणाल्या, “आन परवा मधीच बोलली ती तूच व्हतीस ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“कळंल न्हाई तर काय! दारात येऊन ‘ऐकता काय, ऐकता काय’ म्हनायचीस, तोच आवाज. म्या लतीला म्हनलं, आगं ही तर आपली कागदवाली.”

“म्या म्हनलं, बाईच्या हातातनं माईक हिसकला का काय हिनं,” चांगुणा म्हणाली.

“गप गं.” गयाबाईंनी तिला दटावलं आणि माझ्याकडे वळल्या. “आवाज गोड हाय तुझा. लई गोड हाय. पर घाई किती करशील! ‘नमस्कार’ म्हनलीस तवा माझा ह्यो दोरा अजून बांधायचा व्हता. बाई बघ, कशी आमाला धरून बोलती. पयल्या खेपेला व्हतंच तसं. पुढच्या खेपेला दम धरून बोल. आमी हायेच हितं, सांगू तुला बरं-वाईट.”

पुढची खेप नव्हती. तेरा दिवसांनी मी अकोल्याच्या गाडीत बसणार होते, आणि तिथं कुणी मला काचेआडच्या खोलीत नेणार नव्हतं. पत्रिका त्यांच्या शेजारीच पडली होती, पण तिघींपैकी कुणालाच वाचता येत नव्हतं, आणि मला कुठल्या गावी दिलंय हे त्यांनी अजून विचारलं नव्हतं.

“घाई नाही करणार,” मी म्हणाले.

“हां,” गयाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं पान बोटावर घेतलं.